तू माझ्यासाठी घेतलेलं टॉनिक

मधू, तुझ्या शाळेतल्या शोकसभेत मी बोललो नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी 'सरांचे बालमित्र' म्हणून माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो होतो. सगळ्यांना हात जोडले आणि परत खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं बोलवेना. दुःख होतंच. पण अडचण दुसरी होती. तुझ्याबद्दल जे काही बोलावं म्हणून मनाशी जुळवलं होतं, ते सगळं फिरून फिरून एकाच गोष्टीपाशी येऊन थांबत होतं. आणि ती गोष्ट पहिल्या रांगेत बसलेल्या नलिनीवहिनींना माहीत नव्हती. तुला माहीत होती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

सभेत एक तरुण शिक्षक म्हणाला, "सर कधी कुणावर रागावले नाहीत." मला त्या जागीसुद्धा हसू येणार होतं. माझ्यावर तू वीसेक वर्षं रागावत आला होतास. दर रविवारी, मुलुंडला तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, चहात बेकरीतलं बटर बुडवून. बटर विरघळून कपात पडायचं तरी तुझं बोलणं संपायचं नाही.

लालबागच्या एकाच चाळीत आपण वाढलो. तुझे वडील आणि माझे वडील गिरणीच्या एकाच खात्यात, एकाच पाळीला. तू शिकून विज्ञानाचा मास्तर झालास. मी त्याच रसायनशास्त्राची पदवी घेऊन, टाय बांधून, औषधाच्या कंपनीची बॅग हातात धरली. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतचे दवाखाने माझ्या वाट्याला आले. पेशंटांच्या बाकाच्या टोकाला बसायचं, आत बोलावलं की डॉक्टरांसमोर रंगीत चित्रांची फाइल उघडायची, पाठ केलेली वाक्यं म्हणायची आणि टेबलावर दोन सॅम्पलं ठेवून निघायचं. यात कमीपणा वाटावा असं काही नव्हतं. आमच्या कंपनीची चांगली औषधंही होती, आणि त्यांनी माणसं बरी झालेली मी पाहिली आहेत. पण कंपनी चालायची ती टॉनिकवर. ते मला माहीत होतं आणि तुलाही.

"या साखरसम्राट," दार उघडताच तू म्हणायचास. "आज किती डॉक्टर पाक करून आलात?"

"मास्तर, तुमचा पगार सरकार देतं. आम्हाला पोट आहे."

"पोट आहे ना, मग त्यात शेंगदाणे घाल. वर गुळाचा खडा. टॉनिक लागत नाही."

वहिनी आतून म्हणायच्या, "झाली सुरुवात. अहो, निदान त्यांना बसू तरी द्या."

एकदा तू हट्टानं माझ्याबरोबर साकीनाक्याच्या कारखान्यात आलास. बाटल्या भरताना बघायच्या होत्या तुला. मोठ्या टाकीत लालभडक पाक ढवळला जात होता. तू तिथल्या केमिस्टला विचारलंस, "हा रंग कशासाठी?" तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "रंग नसला तर लोक पाणी समजतात, साहेब." घरी येईपर्यंत बसमध्ये तू एकटाच हसत होतास. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

त्यानंतरच्या गणपतीत सोसायटीनं तुझं व्याख्यान ठेवलं. मंडपात तू स्टोव्ह पेटवलास, त्यावर कढई ठेवलीस आणि टॉनिकची अख्खी बाटली तिच्यात ओतलीस. तू बोलत राहिलास आणि ते आटत राहिलं. सगळ्या मंडपभर जळक्या साखरेचा वास. शेवटी उलथन्यावर चिकट काळा गोळा घेऊन तू तो लोकांसमोर धरलास, "ही बघा शक्ती." लोक हसून लोळले. मी शेवटच्या रांगेत होतो. सभा संपल्यावर मी ती रिकामी बाटली उचलून पाहिली. ती आमच्याच कंपनीची होती, पण तिच्यावरचा कागद तू आदल्या दिवशी पाण्यात भिजवून काढून टाकला होतास.

मी काही विचारायच्या आतच तू म्हणालास, "माझं भांडण टॉनिकशी आहे. तुझ्या नोकरीशी नाही."

तेवढ्यात तळमजल्यावरचे करंदीकर तुला मिठी मारायला आले. ते गॅलरीत तसराळ्यांमधून गव्हाचे अंकुर वाढवायचे आणि त्यांचा हिरवा रस सगळ्या इमारतीला पाजायचे. "छान झोडपलंत सर त्या अॅलोपथीवाल्यांना! आता सगळ्यांना गव्हांकुर सांगा. कॅन्सरसुद्धा बरा होतो."

"कशावरून?" तू विचारलंस.

"अनुभव आहे लोकांचा."

"ज्यांना गुण आला नाही, त्यांचा अनुभव कोण सांगतं, करंदीकर?"

दिवाळीपर्यंत ते तुझ्याशी बोलले नाहीत. तू असा दोन्ही बाजूंनी मार खाणारा माणूस होतास. टॉनिकवाल्यांना वाटायचं तू औषधांच्या विरुद्ध आहेस, आणि रसवाल्यांना वाटायचं तू डॉक्टरांना विकला गेला आहेस. तुझं म्हणणं साधं होतं. आजार असेल तर तो शोधा आणि त्याचं औषध घ्या. आजार नसेल तर जेवा. कोणी काही छातीठोकपणे सांगितलं की 'कशावरून' विचारा. मग तो टाय घातलेला असो की धोतर नेसलेला.

मी तुझ्याशी खोटं बोलून वाद घालत नव्हतो, हे मात्र मला आज सांगायचं आहे. मला माझं म्हणणं पटलेलं होतं. गिरण्या बंद पडल्या त्या वर्षी भांडुपच्या एका दवाखान्यात मी बाकावर बसलो होतो. शेजारी एक बाई, मांडीवर किरकिरणारं पोर. नवरा संपावर. डॉक्टरांनी पोराला तपासून आमचं टॉनिक लिहून दिलं. खालच्या दुकानातून ती बाटली घेऊन ती निघाली तेव्हा तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती, देवाचा प्रसाद धरावा तशी. रविवारी मी तुला ते सांगितलं. म्हटलं, "मधू, तुझे शेंगदाणे तिनं असे धरले नसते. माणसाला हातात काहीतरी लागतं रे. आपण पोरासाठी काहीतरी केलं, असं वाटायला लागतं."

तू कप खाली ठेवलास. मला वाटलं, जिंकलो. मग तू विचारलंस, "त्या पोराला झालं काय होतं?"

"मला काय माहीत?"

"डॉक्टरला तरी माहीत होतं का?" तू म्हणालास. "हेच माझं भांडण आहे, शशी. बाटली हातात आली की विचारणं थांबतं."

हे तू मला सांगितलं होतंस. मी ते ऐकलं होतं. माझ्यापाशी ही सबबसुद्धा नाही की मला कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर तू जिना चढताना थांबायला लागलास. वहिनींनीच मला सांगितलं, तुझ्यासमोर.

"भावोजी, यांना तुम्ही तरी बोला हो. तीन जिने चढेपर्यंत दोनदा बसतात. जेवणसुद्धा निम्म्यावर आलंय."

"वय झालं," तू म्हणालास.

"शेचाळीस म्हणजे वय? माझे आबा सत्तरीत नारळावर चढायचे."

"म्हणून तर पडले."

आपण तिघंही हसलो. मी पुढे होऊन तुझी खालची पापणी ओढून पाहिली. डॉक्टरांच्या समोर बसून बसून एवढं मला येत होतं. आतली बाजू पांढरी फटक होती. मी म्हटलं, "अरे, रक्त नाही तुझ्यात." तू म्हणालास की परीक्षा जवळ आल्यात, पेपर तपासून झाले की डॉक्टरकडे जाऊन येतो.

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, परीक्षा गेली खड्ड्यात, उद्या सकाळी चल, मी घेऊन जातो. पट्ट्यातला एकूण एक डॉक्टर माझ्या ओळखीचा होता. मी काय केलं? मी बॅग उघडली. आमचं लोहाचं टॉनिक नवीन आलं होतं, तेच मी सगळीकडे दाखवत फिरत होतो. बाटली तुझ्या टीपॉयवर ठेवली आणि म्हटलं, "तोवर हे घे. महिनाभर घेऊन बघ. फरक पडला नाही तर मी पुन्हा तुझ्याशी वाद घालणार नाही."

तू बाटलीकडे पाहिलंस, मग वहिनींकडे. त्या नुसत्या उभ्या होत्या. "बरं," तू म्हणालास. "घेतो. पण हरलो म्हणून नाही हां. तुम्ही दोघं गप्प बसावं म्हणून."

त्या दिवसापासून वहिनी सकाळ-संध्याकाळ तुला चमचा भरून द्यायला लागल्या.

आणि तुला बरं वाटलं. खरोखर वाटलं. अंगातलं रक्त कमी झालं असेल तर लोहानं थोडी भर पडतेच, ते खोटं नाही. पुढच्या महिन्यात एका रविवारी तू दार उघडून म्हणालास, "शशी, तुझ्या पाकात काहीतरी आहे रे. काल मी न थांबता चढलो." मधू, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! कंपनीतलं बक्षीस मिळाल्यावर झाला नव्हता इतका. दुसऱ्या दिवशी मी घाटकोपरच्या दोन डॉक्टरांना तुझं उदाहरण दिलं. 'माझा एक मित्र, टॉनिकचा कट्टर विरोधक,' अशी सुरुवात करून. तुला बरं वाटलं म्हणून परीक्षा संपल्यावर तू डॉक्टरकडे गेला नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

मग तो बाजारातला रविवार. आपण बांगडे घेऊन परत येत होतो. तू पिशवी धरली होतीस. अंगठ्यानं पिशवीचा बंद चोळत तू म्हणालास, "अरे, एक विचारायचं होतं. संडासला काळं होतंय रे. अगदी डांबरासारखं."

मी हसलो. "मास्तर, लोह आहे ते. जे शरीराला नको ते बाहेर पडतं. घाबरायचं काही कारण नाही."

हे वाक्य माझं नव्हतं. कंपनीच्या प्रशिक्षणवर्गात आमच्याकडून तोंडपाठ करून घेतलेलं होतं ते. पेशंट घाबरून टॉनिक सोडतात, म्हणून डॉक्टरांना ते आठवणीनं सांगायचं असतं. आणि वाक्य खोटंही नाही. लोहानं तसं होतं. पण त्याच वर्गात आम्हाला आणखी एक वाक्य शिकवलं होतं, ते मी कुणाला सांगत नसे कारण ते कुणी विचारत नसे. चिकट, डांबरासारखं असेल तर ते पोटातलं रक्त असू शकतं, डॉक्टरांनी तपासायला हवं. तू तोच शब्द वापरलास. डांबर. मी तो ऐकला. क्षणभर तो कुठेतरी आत अडकलादेखील. पण मी माझं वाक्य म्हणायला सुरुवात केली होती.

तू म्हणालास, "ते ठीक आहे रे, पण मला वाटतं की आधी..."

"आता लोहाशीपण भांडणार का?" मी म्हटलं.

तू हसलास. पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस. पुढे आपण बांगड्यांच्या भावावर बोललो.

'आधी' काय, मधू? आधीपासून होत होतं, टॉनिक सुरू करायच्याही आधी, हेच ना? की दुसरंच काही? मी हे वाक्य तुझ्या वतीनं कितीतरी तऱ्हांनी पुरं करून पाहिलं आहे. ज्या माणसानं करंदीकरांना सोडलं नाही, केमिस्टला सोडलं नाही, त्यानं त्या दिवशी मला 'कशावरून' म्हणून विचारलं नाही. सगळ्या जगात एका माझ्याच शब्दावर तू तसाच विश्वास ठेवलास.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि तू शिक्षकांच्या खोलीत रक्ताची उलटी करून पडलास. शिपाई आणि दोन शिक्षक तुला रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेले. मी पोचलो तेव्हा वॉर्डातले तरुण डॉक्टर वहिनींना प्रश्न विचारत होते. मला ते ओळखत होते. त्याच मजल्यावर मी बॅग घेऊन त्यांच्यासमोर कितीदा उभा राहिलो होतो.

"यांना काळं होत होतं का संडासला?"

"हो," वहिनी लगेच म्हणाल्या. "बरेच महिने. पण ते टॉनिकचं. भावोजींनी सांगितलं होतं ना."

आणि त्या माझ्याकडे वळल्या, दुजोऱ्यासाठी. डॉक्टरांनीही माझ्याकडे पाहिलं. मग ते मान खाली घालून लिहायला लागले. ते मला सगळ्यांसमोर ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुर्बिणीची तपासणी झाली. पोट उघडलं आणि फारसं काही न करता परत शिवलं. कॅन्सर पोटातून यकृतात गेला होता. मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं. विचारलं, चार-सहा महिने आधी कळलं असतं तर?

"सांगता येत नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "कदाचित."

तू वादात नेहमी म्हणायचास की शास्त्र म्हणजे 'कदाचित' हा शब्द प्रामाणिकपणे वापरायला शिकणं. मी त्या शब्दाबरोबर राहायला शिकतो आहे. 'नक्की' म्हणाले असते तर मी स्वतःला दोषी म्हणून मोकळा झालो असतो. 'नाही' म्हणाले असते तर निर्दोष म्हणून.

तुझ्या पलंगाभोवती मग सगळं जग आपापला इलाज घेऊन आलं. कुणी लोहचुंबक आणलं, कुणी अंगारा. तुझ्या मावसभावानं कुठल्याशा गावच्या वैद्याचा पत्ता आणला. त्याची अट अशी की डॉक्टरांची सगळी औषधं आधी बंद करायची. तू एवढंच म्हणालास, "त्यांना सांग, माझी इंजेक्शनं चालू राहतील. तेवढं चालत असेल तर कळव." त्यांना ते चालणार नव्हतं.

आणि एका सकाळी मी आलो तर तू हिरवा रस पीत होतास. वहिनींनी करंदीकरांकडून आणला होता. त्या पेला धुवायला गेल्या तेव्हा मी म्हटलं, "मधू, तू? गव्हांकुर?"

"हळू बोल." तुझ्या ओठांवर हिरवी रेघ होती. "मला त्यानं काही होणार नाही. तिला होईल."

"म्हणजे?"

"तू म्हणायचास ना, माणसाला हातात काहीतरी लागतं. पेशंटच्या हातात नाही रे. बाजूला बसलेल्याच्या." मग दम घेऊन म्हणालास, "ते तुझं बरोबर होतं. मी उगाच भांडलो."

मधू, मी आयुष्यभर या एका वाक्यासाठी तुझ्याशी वाद घातला होता. ते तू असं दिलंस, त्या वेळी, त्या पलंगावर. मी 'थँक यू' म्हणालो नाही, आणि 'नाही, तूच बरोबर होतास' असंही म्हणालो नाही. सलाईनचे थेंब बघत बसलो.

रोज संध्याकाळी डॉक्टरांचे कॉल संपवून मी यायचो. रोज ठरवून यायचो की आज सांगायचं. बाजारातून येताना तू विचारलं होतंस आणि मी काय केलं, एवढंच सांगायचं. वहिनी खाली गेल्या की तोंड उघडायचो, आणि शाळेतलं काहीतरी विचारायचो. एकदा मी आत आलो तर तू डोळे मिटून पडला होतास. पावलं ओळखून म्हणालास, "साखरसम्राट, टॉनिक आणलंत का?"

ती थट्टा होती का? की तू मला दार उघडून देत होतास? मी म्हटलं, "आज संत्री आणलीत." तू डोळे उघडले नाहीत. म्हणालास, "सोलून दे."

मी सोलून दिली. तू दोन फोडी खाल्ल्यास. चार दिवसांनी तू गेलास.

दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले. परवा मी वहिनींकडे गेलो तर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहऱ्यावर रंग म्हणून नव्हता. तुझ्या आजारपणात त्यांनी धड खाल्लं नव्हतं, हे कुणी बघितलंच नव्हतं. मला म्हणाल्या, "भावोजी, ती बाटली मला आणून द्या ना. यांना बरं वाटायचं तिनं. माझ्यात जीवच नाही राहिलेला."

माझी बॅग माझ्या पायाशीच होती. आत दोन बाटल्या होत्या.

"आधी रक्त तपासू," मी म्हटलं. "उद्या मी येतो. डॉक्टरकडे जाऊ."

"एवढं कशाला? टॉनिक तर घ्यायचंय."

"नाही, वहिनी. डॉक्टरकडेच."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. वहिनींनी कुरकूर केली पण आल्या. डॉक्टरांनी नीट तपासलं, पुष्कळ प्रश्न विचारले, रक्त घेतलं. काल रिपोर्ट आला. रक्त कमी आहे, बाकी काळजीचं काही नाही. डॉक्टरांनी लोहाच्या साध्या गोळ्या लिहून दिल्या आणि जेवायला सांगितलं. दुकानातून गोळ्या घेऊन आम्ही स्टेशन रोडनं चाललो होतो. मला ते काळं होण्याचं वाक्य सांगायचं होतं. औषध देणाऱ्यानं ते सांगायचंच असतं. पण माझ्या तोंडातून ते बाहेर पडेना.

वहिनींनीच म्हटलं. "यानंसुद्धा काळं होईल ना? यांना व्हायचं तसं."

मी थांबलो. फुलवाल्याच्या टपरीपाशी, भर गर्दीत. इतके दिवस मी गप्प होतो तो फक्त भित्रा होतो म्हणून नव्हे. ही गोष्ट वहिनींना सांगितली की तिचा अर्धा भार त्यांच्यावर पडणार होता, कारण चमचा त्या भरत होत्या. मला हलकं व्हायचं म्हणून त्यांना जड करायचं का, हे मला ठरवता येत नव्हतं. पण त्यांनी विचारलं होतं. आणि विचारणाऱ्याला पुन्हा एकदा पाठ केलेलं वाक्य ऐकवणं माझ्याच्यानं झालं नाही.

"त्याला व्हायचं ते वेगळं होतं," मी म्हटलं. "ते रक्त होतं, वहिनी. मधूनं मला विचारलं होतं. मला ओळखायला हवं होतं. निदान शंका यायला हवी होती, आणि आलीही होती. मी टॉनिकचं म्हणून सांगितलं."

त्यांनी गोळ्यांची पुडी पदराच्या टोकात धरली होती. ती तशीच मुठीत आवळली. 

"चमचा मी द्यायचे," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काही माहीत नव्हतं. तुमचा काही..."

"गप्प बसा हो." त्या माझ्यावर पहिल्यांदाच अशा ओरडल्या. फुलवाला बघायला लागला. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "हे त्यांना सांगितलं होतंत?"

"नाही."

"का?"

"धीर झाला नाही."

"आणि आता मला सांगताय." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "ते एवढे दिवस पडून होते. तुम्ही रोज येत होतात. मी खाली जायचे ती काय हवा खायला? दोन मित्रांना बोलू द्यावं म्हणून जायचे. ज्यांचं होतं त्यांना सांगितलं नाहीत आणि माझ्या पदरात घालताय."

"आता ते ऐकायला नाहीत, वहिनी."

"तरी त्यांनाच सांगा. मला नको."

आणि त्या एकट्याच पुढे चालायला लागल्या. मी त्यांच्या मागून, थोडं अंतर राखून, इमारतीच्या दारापर्यंत गेलो. जिना चढताना त्या एकदा थांबल्या. मी खालीच उभा राहिलो.

त्यांचं खरं आहे. मी चुकीच्या माणसाला सांगितलं. म्हणून आज हे लिहायला बसलो, आणि इतकं लिहूनही अजून तुझ्याशी गप्पाच मारतो आहे, जुने वाद आठवतो आहे, तुझे गुण गातो आहे. हॉस्पिटलात तुझ्या पलंगापाशीही हेच करायचो. तेव्हा सरळ सांगतो.

मधू, तुझ्या पोटातून रक्त जात होतं आणि तुला ते जाणवलं होतं. तू माझ्याकडे आलास, कारण मी तुझा मित्र होतो आणि मला त्यातलं कळतं असं तुला वाटत होतं. तू विचारत होतास, तेव्हा मी विकत होतो. टॉनिक तर तुला फुकटच दिलं होतं. मी माझं बरोबर असणं विकत होतो, आणि तुझ्याकडे ते एकदा खपलं होतं, ते विकलेल्या मालासारखं परत आलेलं मला नको होतं. मला शंका आली होती. मी ती बोललो नाही. नंतर कळलं, तेव्हाही बोललो नाही, तू जागा होतास आणि ऐकू शकत होतास तरी.

हे तुझं होतं. तुझ्यापाशी ठेवतो.